क्लायंट–सर्व्हर संगणकव्यवस्था

जाळ्याने एकमेकांस जोडलेल्या संगणकांमध्ये कामाची वाटणी करण्याची एक पद्धती. या पद्धतीत एक संगणक, किंवा अधिक काटेकोरपणे त्यावर चालणारा एक प्रोग्रॅम, एखाद्या सेवेची मागणी करतो व दुसरा ती पुरवितो. मागणी करणाऱ्यास ‘क्लायंट’ (ग्राहक) व ती पुरविणाऱ्यास ‘सर्व्हर’ (सेवादाता) अशी नावे रूढ आहेत. ही नावे यंत्रांची नसून भूमिकांची आहेत, हे प्रथमच ध्यानात घेतले पाहिजे. एकच संगणक एका व्यवहारात सर्व्हर, तर लगेच पुढच्या व्यवहारात दुसऱ्या संगणकाचा क्लायंट असू शकतो. संपर्काचा आरंभ नेहमी क्लायंटकडून होतो. सर्व्हर सदैव जागा राहून मागणीची वाट पाहतो. रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खाते, शेअरबाजारातील खरेदी-विक्री, जमिनीचा सातबारा इ. महाराष्ट्रातील नित्याचे व्यवहार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांपासून क्रमाक्रमाने या पद्धतीवर आले.

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात, अमरावती–नागपूर महामार्गावर, गुरुकुंज मोझरी हे गाव आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापन केल्याने ते सर्वत्र परिचित आहे. येथील एखादा कास्तकार सेवा केंद्रात जाऊन आपल्या शेताचा सातबारा मागतो, तेव्हा केंद्रातील संगणकात तो उतारा नसतो. केंद्रचालक गाव व गट क्रमांक टंकित करतो. त्याचा संगणक प्रथम एका नामसर्व्हरला विचारतो, की अमुक नावाच्या संकेतस्थळाचा अंकी पत्ता कोणता. पत्ता मिळाल्यावर मागणी लहान लहान पुडक्यांत विभागली जाऊन तारेने, प्रकाशतंतूने वा बिनतारी मार्गाने दूरच्या सर्व्हरकडे जाते. तेथे तिची छाननी होते. तो सर्व्हर स्वतः क्लायंट होऊन शेजारच्या माहितीसंचयाच्या सर्व्हरकडे नेमकी नोंद मागतो. ती मिळताच उताऱ्याचा नमुना सिद्ध होऊन आल्या वाटेने परत येतो. सर्व सुरळीत असल्यास या साऱ्यास काही सेकंद लागतात. एका उताऱ्यासाठी तीन-चार सर्व्हरांनी आपापसांत बोलणे केलेले असते, याची कल्पना खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसास येत नाही, आणि तशी ती यावी अशी अपेक्षाही नसते.

सर्व्हर या शब्दाचा सरळ अर्थ ‘सेवा करणारा’ असा आहे. ज्या गावी श्री गुरुदेव सेवा मंडळाचे मुख्य ठाणे आहे तेथे तो शब्द परका वाटू नये. मात्र हा सेवक केवळ आज्ञाधारक नसतो. कीर्द-खतावणी त्याच्याजवळ असते, आणि कोणास काय दाखवावे व कोणाची नोंद घ्यावी हेही तोच ठरवितो. या दृष्टीने त्याचे साम्य घरगड्यापेक्षा गावच्या पटवाऱ्याशी अधिक आहे.

पूर्वेतिहास : आरंभीचे संगणक एका वेळी एकच काम करीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ (१९६०) आणि तेथेच १९६४ मध्ये बसविलेला सीडीसी ३६०० हा मोठा संगणक यांच्यावर काम करून घेण्यासाठी संशोधकांना आपली मागणी घेऊन यंत्रापर्यंत जावे लागे. सीडीसी ३६०० साठी छिद्रित पत्त्यांचे गठ्ठे सादर करावयाचे व आपली पाळी येऊन छापील उत्तर हाती पडेपर्यंत थांबावयाचे, अशी रीत होती. मागणी व उत्तर दोन्ही होती. जाळे मात्र माणसांच्या पायांचे होते.

दूरवरून मागणी करण्याची पहिली मोठी नागरी व्यवस्था अमेरिकेत विमानप्रवासाच्या आरक्षणासाठी उभी राहिली. अमेरिकन एअरलाइन्स ही कंपनी व आयबीएम यांनी मिळून तयार केलेली ‘सेबर’ ही प्रणाली १९६४ पर्यंत पूर्णपणे कार्यान्वित झाली. न्यूयॉर्कनजीकच्या केंद्रात आयबीएम ७०९० जातीचे दोन संगणक होते व देशभरच्या कचेऱ्यांतील लेखनयंत्रसदृश साधने दूरध्वनीच्या तारांनी त्यांस जोडलेली होती. याच सुमारास मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत फेर्नांदो कोर्बातो यांनी कालविभाजन पद्धतीचे प्रात्यक्षिक दाखविले (१९६१). तीत एकच संगणक आपला वेळ अतिसूक्ष्म तुकड्यांत वाटून अनेकांची कामे आळीपाळीने करतो. प्रत्येकास आपणच एकटे ते यंत्र वापरीत आहोत असे वाटते. या दोन्ही व्यवस्थांतील दूरची साधने मात्र निर्बुद्ध होती. कळ दाबली की अक्षर पाठवावयाचे व आलेले अक्षर उमटवावयाचे, एवढेच त्यांचे काम. खऱ्या अर्थाने क्लायंट म्हणता येईल असे त्यांत काही नव्हते.

दोन्ही टोकांस स्वतंत्र संगणक असलेले जाळे ‘आर्पानेट’ या नावाने १९६९ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी २९ ऑक्टोबर रोजी रात्री लॉस अँजेल्सच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकात प्रवेश मागण्याचा प्रयत्न झाला. ‘लॉगिन’ या शब्दाची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि तिसऱ्या अक्षरास पलीकडील संगणक बंद पडला. तास-दीड तासाने दुरुस्ती होऊन जोडणी पुरी झाली. जाळ्यावरील पहिली मागणी आणि ‘सर्व्हर डाऊन’ या आता मराठीत पूर्ण मुरलेल्या शब्दप्रयोगाचा पहिला प्रसंग हे अशा रीतीने एकाच रात्री घडले. त्याच वर्षीच्या आर्पानेटच्या तांत्रिक टिपणांत ‘सेवा देणारा यजमान संगणक’ व ‘वापरणारा यजमान संगणक’ अशा अर्थाचे शब्दप्रयोग आढळतात.

क्लायंट ही संज्ञा मागाहून आली. झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये ‘आल्टो’ हा एका माणसाच्या वापरासाठीचा संगणक तयार झाला व त्याच वर्षी तेथे रॉबर्ट मेटकाफ यांनी ‘इथरनेट’ या स्थानिक जाळ्याची कल्पना मांडली. प्रत्येक मेजावर संगणक आला, पण प्रत्येक मेजावर महागडा मुद्रक व मोठी चुंबकीय तबकडी ठेवणे परवडण्याजोगे नव्हते. म्हणून मुद्रणाचा एक संगणक व संचिका साठविण्याचा एक संगणक वेगळा काढून इतरांनी त्यांच्याकडे मागणी करावी, असे ठरले. स्टर्जिस, मिचेल व इस्रायल यांनी १९७८ मध्ये लिहिलेल्या संचिकाव्यवस्थेवरील निबंधात क्लायंट हा शब्द सेवा मागणारा या अर्थाने योजिलेला आहे. पुढील दशकात वैयक्तिक संगणक स्वस्त झाल्यावर ही रचना प्रयोगशाळेबाहेर पडली. कचेऱ्यांतील संचिका-सर्व्हर, १९८३ च्या आरंभी आर्पानेटने स्वीकारलेले टीसीपी/आयपी हे संदेशवहनाचे संकेत, आणि एडगर कॉड यांच्या १९७० मधील सिद्धांतावर उभे राहिलेले संबंधाधिष्ठित माहितीसंचय यांच्या मिलाफाने १९८० नंतर तिला आजचे रूप आले. जिनीव्हाजवळील सेर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस चालू केलेला पहिला वेब सर्व्हर हा या रचनेचाच एक विशेष होय. त्याने क्लायंटच्या बाजूस एकच सर्वसामान्य प्रोग्रॅम पुरेसा केला. तोवर प्रत्येक सेवेसाठी निराळा प्रोग्रॅम बसवावा लागे.

मागणी, क्रम व हरवलेले उत्तर : या व्यवस्थेतील मूळ अडचण वेगाची नसून खरेपणाची आहे. समजा, एका गाडीत एकच शायिका शिल्लक आहे आणि नागपूर व मुंबई येथील दोन लिपिकांनी एकाच क्षणी विचारणा केली. दोघांसही ‘एक जागा रिकामी’ असे उत्तर गेले, तर दोघेही ती विकतील. यावर उपाय म्हणून सर्व्हर त्या नोंदीस क्षणभर कुलूप घालतो. पहिल्याची मागणी पुरी होऊन नोंद बदलेपर्यंत दुसऱ्यास थांबविले जाते. कोणती मागणी पहिली हे ठरविण्याचा अधिकार केवळ सर्व्हरचा असतो. क्लायंटच्या घड्याळास तेथे किंमत नाही. अनेक नोंदींचा मिळून एक व्यवहार असेल, तर तो पुरा व्हावा किंवा मुळीच होऊ नये, असाही दंडक असतो. एका खात्यातून रक्कम वजा झाली व दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर पूर्वस्थिती आणता यावी यासाठी सर्व्हर प्रत्येक बदल करण्याआधी त्याची टाचणवही लिहून ठेवतो.

दुसरी अडचण अधिक बिकट आहे. क्लायंटने मागणी पाठविली व उत्तर आले नाही, तर त्याचे कारण त्यास कळू शकत नाही. मागणीच वाटेत हरवली असेल, किंवा काम पार पडून फक्त उत्तर हरवले असेल. पहिल्या शक्यतेत मागणी पुन्हा पाठविली पाहिजे, दुसरीत ती पाठविल्यास दोनदा पैसे जातील. खात्यातून पैसे गेले आणि तिकीट मात्र आले नाही, हा अनेकांच्या अनुभवाचा प्रसंग याच कोड्यातून उद्‌भवतो. त्यात नेहमीच कोणाची लबाडी असते असे नाही. रूढ उपाय असा, की प्रत्येक मागणीस एक अनन्य क्रमांक द्यावयाचा व तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने काम न करता पूर्वीचे उत्तर पुन्हा धाडावयाचे. पोस्टाच्या मनीऑर्डरीस पावती क्रमांक असे तो याच हेतूने. जेथे ही दक्षता घेतलेली नसते तेथे ग्राहकास दिवसचे दिवस खुलाशाची वाट पाहावी लागते.

तिसरी गोष्ट गर्दीची. डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. अर्लांग यांनी १९०९ पासून दूरध्वनी केंद्रांसाठी रांगांचे जे गणित मांडले, तेच सर्व्हरला लागू पडते. एखादा सर्व्हर सेकंदास सरासरी १० मागण्या निकालात काढू शकतो असे धरू. मागण्या अनियमितपणे पण सरासरीने सेकंदास ५ येत असतील, तर प्रत्येकीस सु. ०·२ सेकंद लागतो. ९ येऊ लागल्या की हा काळ १ सेकंद होतो आणि ९·९ येऊ लागल्या की १० सेकंद. म्हणजे ९ वरून ९·९ पर्यंतची वाढ अवघी दहा टक्क्यांची, पण खोळंबा दहापट. त्यातच अधीर झालेले क्लायंट पुनःपुन्हा मागणी करू लागले, की येणाऱ्या मागण्या क्षमतेपलीकडे जातात आणि रांग संपतच नाही. सर्व्हर बिघडला असे ज्यास लोक म्हणतात त्यातील पुष्कळ प्रसंगी यंत्र धडधाकट असते. त्याची ताकद सरासरी दिवस पाहून ठरविलेली असते, एवढेच.

महाराष्ट्रातील आरंभ : भारतीय रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा पहिला प्रयोग नोव्हेंबर १९८५ मध्ये दिल्लीत झाला. सीएमसी या तत्कालीन सरकारी कंपनीने तयार केलेली ही प्रणाली १९८७ मध्ये मुंबईत आली. तत्पूर्वी प्रत्येक गाडीच्या जाडजूड नोंदवह्या असत, स्थानकास्थानकास जागांचा कोटा वाटून दिलेला असे व परतीच्या आरक्षणासाठी तार करावी लागे. संगणकामुळे एकाच शहरातील सर्व खिडक्या एका नोंदवहीवर आल्या. तथापि दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद या पाच केंद्रांच्या नोंदवह्या एकमेकींपासून तुटकच राहिल्या. रेल्वे माहिती प्रणाली केंद्राने (क्रिस) रचलेल्या ‘कॉन्सर्ट’ या प्रणालीने एप्रिल १९९९ पर्यंत ही पाचही केंद्रे जोडली. तिची घडण क्लायंट–सर्व्हर तत्त्वाचा उत्तम नमुना आहे. प्रत्येक केंद्र आपल्या वाट्याच्या गाड्यांपुरते सर्व्हर असते व इतर गाड्यांसाठी दुसऱ्या केंद्राचे क्लायंट होते. मुंबईच्या खिडकीवर कोलकात्याच्या वाट्याची गाडी मागितली, तर मुंबईचे केंद्र ती मागणी पुढे धाडते. जागा देण्याचा निर्णय कोलकात्यास होतो व तिकीट मुंबईत छापले जाते. एका गाडीची नोंदवही एकाच ठिकाणी ठेवल्याने एकच जागा दोघांस विकली जाण्याचा संभव उरत नाही, आणि सारा भार एका केंद्रावर पडत नाही. ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटद्वारे घरबसल्या तिकीट काढता येऊ लागले, तेव्हा खिडकीवरील लिपिक मधून दूर होऊन प्रवाशाचा संगणकच क्लायंट बनला.

संशोधनसंस्थांचे जाळे ‘अर्नेट’ १९८६ मध्ये सुरू झाले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) व पवईची भारतीय तंत्रविद्या संस्था यांच्यात साध्या दूरध्वनीच्या जोडणीने पत्रव्यवहार होऊ लागला. एनसीएसटीचे संचालक एस. रमणी यांचा या कामात पुढाकार होता. भारतासाठी राखून ठेवलेल्या ‘.इन’ या नामप्रत्ययाची नोंदवहीही दीर्घकाळ या केंद्राकडे होती; २००५ पासून ती निक्सी या संस्थेकडे गेली. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुली केली. जिल्ह्यांच्या ठिकाणी मात्र त्यापूर्वीच, १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या ‘निकनेट’ची उपग्रहीय तबके जिल्हाधिकारी कचेऱ्यांवर दिसू लागली होती.

उपग्रहावर विसंबलेल्या क्लायंटचे सर्वांत धाडसी उदाहरण मुंबईच्या राष्ट्रीय शेअरबाजाराने घालून दिले. तेथे शेअरांचे व्यवहार ३ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाले. दलाल स्ट्रीटवरील बाजारात तोवर हाताच्या खुणा व आरोळ्या यांनी सौदे होत. नव्या बाजारास सौद्याचे आवारच नव्हते. दलालाच्या कचेरीतील संगणक हा क्लायंट, मुंबईतील बिघाडास न जुमानणारा मोठा संगणक हा सर्व्हर, व मध्ये छपरावरची लहान तबकडी आणि इन्सॅट उपग्रह. भूस्थिर उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवर असल्याने संदेशास वर जाऊन खाली येण्यास सु. पाव सेकंद लागतो व उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद जातो. हा विलंब सर्वांना सारखाच असल्याने तो अन्यायकारक नव्हता. शहर कोणतेही असो, सौदा किंमत व वेळ यांच्या क्रमाने लागे, आणि तो क्रम सर्व्हर ठरवी. वर्षभरातच या बाजाराची उलाढाल मुंबई शेअरबाजाराहून अधिक झाली. खुद्द त्या जुन्या बाजारानेही मार्च १९९५ मध्ये संगणकीय सौदे सुरू केले. पुढे जमिनीवरून जाणाऱ्या जलद तारा आल्या आणि सर्व्हरच्या किती निकट आपला क्लायंट ठेवता येतो याची चढाओढ लागली. समान विलंबाची ती जुनी समता तिच्यात टिकली नाही.

बँकांत हाच बदल २००० नंतर घडला. आधी प्रत्येक शाखेत निराळा संगणक असे व खाते शाखेचे असे. स्टेट बँकेने २००३ पासून शाखा एका मध्यवर्ती प्रणालीवर आणण्यास आरंभ केला, तेव्हा खाते बँकेचे झाले आणि शाखा क्लायंट झाली.

जमिनीचे दप्तर : वऱ्हाडच्या दृष्टीने या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग जमिनीच्या अभिलेखांचा आहे. इंग्रजांकडे १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार आल्यावर, १८६० नंतर तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी पाहणी झाली. वर्धा नदीपलीकडे मध्यप्रांतात मालगुजारी पद्धत होती. नदीच्या दोन्ही तीरांवरील दप्तरांची घडण त्यामुळे निराळी होती. पण गावचे दप्तर पटवाऱ्याच्या घरी, आणि त्याच्या मर्जीवर, ही स्थिती दोहोंकडे सारखीच. केंद्र शासनाने १९८८–८९ मध्ये भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातील आठ जिल्हे प्रायोगिक म्हणून निवडले. त्यांत महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा होता. मोझरीच्या पूर्वेस नदी ओलांडली की तो लागतो.

त्या योजनेतील आरंभीची कल्पना गावच्या नोंदी जिल्ह्याच्या संगणकात भरण्याची होती. येथे एक तात्त्विक दोष होता. फेरफार गावी कागदावर होत आणि संगणकात त्याची नक्कल मागाहून जाई. अशी नक्कल भरल्या दिवसापासून शिळी होऊ लागते. ज्या ठिकाणी नोंद बदलते ते ठिकाण व जेथून उतारा मिळतो ते ठिकाण एकच असल्याखेरीज सर्व्हरला अधिकार येत नाही. १९९७–९८ मध्ये ही योजना तालुका पातळीवर नेण्याचे ठरले. तालुक्याचा संगणक हा गावाच्या अधिक जवळचा सर्व्हर झाला, तरी हस्तलिखित दप्तर शेजारी चालूच होते. पुढे महाभूलेख या संकेतस्थळावर उतारा पाहण्याची सोय झाली तेव्हा प्रथम सहापैकी आपला महसूल विभाग निवडावा लागे. अमरावती विभाग निवडला, की अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या पाच जिल्ह्यांच्या नोंदी पुढे येत. या पानावरील उतारा केवळ माहितीसाठी होता. सहीशिक्क्यासाठी तलाठ्याकडे जावेच लागे.

निर्णायक बदल २०१० नंतरच्या दशकात ‘ई-फेरफार’ प्रणालीने घडविला. आता खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविले गेले, की नोंदणी विभागाचा सर्व्हर महसूल विभागाच्या सर्व्हरला ते कळवितो. एक सर्व्हर दुसऱ्याचा क्लायंट होतो, आणि ज्या बातमीसाठी पूर्वी शेतकऱ्यास खताची नक्कल घेऊन सज्जावर हेलपाटे घालावे लागत, ती आपोआप पोहोचते. तथापि कायदा बदललेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० प्रमाणे तलाठ्याने फेरफार नोंदवहीत नोंद घ्यावयाची, चावडीवर सूचना लावावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची, हरकतींसाठी पंधरा दिवस थांबावयाचे व मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची. यंत्रास हे पंधरा दिवस एका सेकंदात गुंडाळता आले असते. ते तसे केले नाही हे योग्यच झाले, कारण हा अवधी यंत्राच्या विलंबाचा नसून भावा-बहिणीस हरकत घेण्याच्या हक्काचा आहे.

हस्तलिखित व संगणकीय उतारे ताडून पाहण्यासाठी गावोगावी चावडीवाचनही झाले. त्याची गरज समजून घेण्यासारखी आहे. कागदी व्यवस्थेत एक प्रत गावी व एक तालुक्यास असल्याने एकीतील चूक दुसरीवरून ध्यानात येई. एकाच सर्व्हरवरील नोंद चुकली, तर मोझरीतील सेवा केंद्र, अमरावतीतील बँक व पुण्यामुंबईतील वारस या सर्वांना तीच चूक एकमताने दिसते. क्लायंट कितीही असोत, साक्षीदार एकच असतो. क्षेत्राच्या आकड्यातील दशांशचिन्ह एक घर सरकले किंवा सहहिस्सेदाराचे नाव भरताना गळाले, तर पीककर्ज अडते. संहितेच्या कलम १५५ नुसार लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी अर्जदारास जुना कागदी उताराच पुरावा म्हणून आणावा लागतो. म्हणून संगणकीकरणानंतर जुनी दप्तरे रद्दी समजून टाकणे हे धोक्याचे होय.

याची दुसरी बाजू २१ जून २०१२ रोजी दिसली. मुंबईतील मंत्रालयाच्या आगीत पाच जण मृत्युमुखी पडले व अनेक विभागांच्या कागदी संचिका भस्मसात झाल्या. एकच कागदी प्रत ही एकाच सर्व्हरइतकीच असुरक्षित असते. मोठ्या व्यवस्थांत सर्व्हरची जुळी प्रत दूरच्या शहरी ठेवून प्रत्येक बदल दोन्हीकडे लिहिला जातो. परंतु जुळी प्रत आगीपासून वाचविते, चुकीपासून नव्हे, कारण चूकही दोन्हीकडे लिहिली जाते. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला. या स्वाक्षरीचा अर्थ असा, की उतारा सर्व्हरकडून निघाल्यावर वाटेत वा क्लायंटपाशी त्यात एक अक्षरही बदलले तर ते ओळखता येते. नोंद मुळात खरी आहे की नाही, याची ग्वाही ती देत नाही.

क्लायंटचे बदलते रूप : पश्चिम महाराष्ट्रातील वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सु. ७० गावांत संगणक केंद्रे उभारण्यात आली. उसाची नोंद, तोडणीची चिठ्ठी व हिशेब ही कामे गावातच व्हावीत, हा हेतू होता. काही वर्षांनी तेथील काही गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल वापरून पाहण्यात आला. शेतकरी लघुसंदेशाने विचारणा करी व कारखान्यातील सर्व्हर लघुसंदेशानेच उत्तर देई. विजेच्या लपंडावात बंद पडणारा संगणक सांभाळण्यापेक्षा हे सोपे व स्वस्त ठरले. गावात यंत्र किती मोठे आहे याला फारसे महत्त्व नसते, मागणी व उत्तर पोहोचली म्हणजे झाले, हे या प्रयोगातून चांगले दिसते.

आतापर्यंतच्या सर्व उदाहरणांत शेतकरी वाचणारा क्लायंट होता. लिहिण्याचा अधिकार कर्मचाऱ्याचा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ने हा भेद पहिल्यांदा ओलांडला. गाव नमुना बारामधील पिकांची नोंद पूर्वी तलाठ्याने शेतावर जाऊन करावयाची असे. कित्येकदा ती चावडीत बसूनच होई आणि कपाशीच्या जागी सोयाबीन लागे. आता शेतकरी आपल्या मोबाइलवरून शेतात उभा राहून पिकाचे छायाचित्र व क्षेत्र भरतो. मोबाइल स्थानाचे अक्षांश-रेखांश जोडतो. पीकविमा, नुकसानभरपाई व शासकीय खरेदी यांचा आधार ही नोंद असल्याने खरिपाच्या मुदतीच्या अखेरच्या दिवसांत मागण्यांची एकच झुंबड उडते आणि रांगेचे वर सांगितलेले गणित जसेच्या तसे प्रत्ययास येते. शेतात संपर्क नसल्यास नोंद मोबाइलमध्येच राहते व गावात येऊन, जाळे मिळाल्यावर, सर्व्हरकडे धाडता येते. मधल्या काळात ती शेतकऱ्याच्या खिशात असते, सातबारावर नसते; सर्व्हरने पोच दिल्यानंतरच ती सरकारदप्तरी आली असे समजतात.